स्विच २ : यंत्राचे कौतुक, बिलाची कुरकुर

२ एप्रिल २०२५ रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीने स्विच २ या नव्या कन्सोलचे, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राचे, सविस्तर सादरीकरण केले. तासभर चाललेल्या त्या कार्यक्रमात मोठा पडदा आला, लोहचुंबकाने चिकटणारे कंट्रोलर आले, मारिओ कार्ट या शर्यतीच्या गेमचा नवा अवतार आला आणि त्यात चक्क शर्यतीत उतरलेली एक गायही आली. किंमत मात्र आली नाही. ती कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि प्रसिद्धिपत्रकांतून मागाहून कळली. अमेरिकेत कन्सोल ४४९.९९ डॉलरला, मारिओ कार्ट वर्ल्डसह घेतल्यास ४९९.९९ डॉलरला आणि तोच गेम सुटा घ्यायचा तर ७९.९९ डॉलरला मिळणार होता. दुसऱ्या दिवशी कंपनीने नवे गेम खेळून दाखवण्याचे थेट प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा प्रेक्षकांच्या संदेशांत ‘किंमत कमी करा’ या एकाच मागणीचा रतीब लागला होता. आदल्या दिवशी त्या गायीवर जीव टाकणारे आणि दुसऱ्या दिवशी किमतीवर तोंडसुख घेणारे लोक बहुतांशी एकच असावेत, आणि त्यात विसंगती काही नाही. वस्तू मनात भरलेली असते तेव्हाच तिची किंमत अधिक बोचते.

कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला. त्यामुळे घोषणेच्या वेळी उमटलेले सूर आता प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहता येतात आणि या परीक्षणाचा हेतू तेवढाच आहे. माझे मत आधीच सांगायचे तर, सर्वांत मोठ्या आवाजात झालेली तक्रार, म्हणजे कन्सोलच्या किमतीची, तपासणीत सर्वांत कमी टिकते. यंत्र चांगले आहे, काही बाबतींत तर फारच चांगले आहे. ज्या तक्रारी गलक्यात मागे पडल्या त्या मात्र आजही जागच्या जागी उभ्या आहेत, आणि त्या बहुतेक यंत्राविषयी नसून त्याभोवती उभारलेल्या खर्चाविषयी आणि अटींविषयी आहेत.

किमतीचा हिशेब आधी उरकू. पहिला स्विच ३ मार्च २०१७ रोजी २९९.९९ डॉलरला आला होता, म्हणजे नवे यंत्र त्याच्या दीडपट किमतीला आले. निन्टेंडोचा ग्राहक आजवर इतरांपेक्षा स्वस्त यंत्र घेण्याला सरावलेला असल्याने हा आकडा त्याच्या डोळ्यांत भरला, हे स्वाभाविकच होते. पण २०१७ च्या त्या यंत्रात ३२ जीबी साठवण, ४ जीबी मेमरी आणि ६.२ इंचांचा ७२० पी पडदा होता (पीचा आकडा जितका मोठा तितके चित्र बारीक). नव्यात २५६ जीबी साठवण, १२ जीबी मेमरी आणि ७.९ इंचांचा १०८० पी पडदा आहे. मधल्या आठ वर्षांत महागाई झाली ती वेगळीच. हातात धरून खेळायच्या यंत्रांपैकी ओलेड पडद्याचा, म्हणजे प्रत्येक बिंदू स्वतः उजळणाऱ्या पडद्याचा, स्टीम डेक त्या सुमारास ५४९ डॉलरपासून पुढे मिळत होता. या शेजाऱ्याकडे पाहिले की ४४९.९९ हा आकडा अवाजवी वाटत नाही. स्वस्त नक्कीच नाही, पण ‘लूट’ हा जो शब्द तेव्हा सर्रास वापरला गेला, तो यंत्राच्या किमतीला लागू पडत नाही.

या संतापाला एक राजकीय फोडणीही मिळाली. सादरीकरणाच्याच दिवशी अमेरिकेने आयात शुल्काचे नवे दर जाहीर केले आणि त्यांत व्हिएतनामवर ४६ टक्के शुल्क होते. निन्टेंडोने चीनवरची भिस्त कमी करण्यासाठी उत्पादनाचा काही भाग व्हिएतनामकडेच वळवला होता. परिणामी अमेरिकेत ९ एप्रिलला सुरू व्हायची आगाऊ नोंदणी पुढे ढकलली गेली आणि ती २४ एप्रिलला सुरू झाली. कन्सोलचा दर कायम राहिला, तेवढ्याने अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या सुटकेत जोडसामानाची वाढ फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. जॉय-कॉन २ ची, म्हणजे यंत्राच्या दोन कडांना बसणाऱ्या कंट्रोलरची, जोडी ८९.९९ वरून ९४.९९ डॉलर झाली, प्रो कंट्रोलर ७९.९९ वरून ८४.९९ झाला आणि वेगळ्या डॉकचा, म्हणजे यंत्र टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीचा, संच १०९.९९ वरून ११९.९९ वर गेला. चौघांनी मिळून खेळायचे म्हणजे आणखी कंट्रोलर घेणे आलेच, आणि एकत्र खेळणे हाच या कंपनीच्या गेमचा प्राण आहे. तेव्हा कन्सोलची किंमत म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो घरात एकट्यादुकट्याने खेळणाऱ्यांचा आकडा आहे, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

जपानमध्ये चित्र वेगळे होते. तिथे फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला आणि सर्व भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला ठेवली गेली. वीस हजार येनचा हा फरक पाहून बाहेरच्या गेमरांनी नाके मुरडली, परंतु घसरलेल्या येनच्या काळात स्थानिक ग्राहकाला परवडेल अशी किंमत ठेवायची आणि परदेशी व्यापाऱ्यांना तिचा फायदा उठवू द्यायचा नाही, यासाठी भाषेची अट हा चतुर उपाय होता. तिथली नाराजी वेगळ्याच कारणाने झाली. कंपनीच्या जपानी दुकानातील पहिल्या सोडतीसाठी सुमारे २२ लाख अर्ज आले, आणि अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना अनेकांच्या हाती निराशा येणार असल्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या सोडतीत उतरण्यासाठी जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असण्याची आणि एक वर्षाच्या ऑनलाइन सदस्यत्वाची अट होती. दलालांना आळा घालण्याची ही युक्ती मला आवडली; नव्याने खेळू पाहणाऱ्यांना ती जाचक वाटली असेल, हेही खरे.

आता यंत्राकडे वळू. जॉय-कॉन बसवण्याची पद्धत हा यातला सर्वांत सुबक भाग आहे. पूर्वी कंट्रोलर खाचेतून वरून खाली सरकवावा लागे. आता तो कडेजवळ नेला की लोहचुंबक त्याला शेवटच्या अर्ध्या इंचात स्वतःच ओढून घेतो आणि टच्च असा छोटासा आवाज होतो. काढताना मागच्या बाजूची कळ दाबावी लागते. घोषणेनंतर अनेकांना भीती होती की खेळाच्या भरात यंत्र कंट्रोलरमधून निसटेल. प्रत्यक्षात पकड घट्ट आहे आणि कळ दाबल्याशिवाय जोड सहजी सुटत नाही. कंट्रोलरच्या आतल्या कडेला एका बाजूस निळा आणि दुसऱ्या बाजूस नारिंगी पट्टा आहे, तो यंत्र जोडलेले असताना जेमतेम दिसतो आणि कंट्रोलर सुटा केला की उठून दिसतो. बाकी सगळे यंत्र काळे, गंभीर, थोडे मख्खच आहे. पहिल्या स्विचची मागची टेकणी काडेपेटीच्या काडीइतकी तकलादू होती. तिच्या जागी आता पूर्ण रुंदीची, हव्या त्या कोनात थांबणारी चौकट आली आहे. चार्जिंगची एक खाच वरच्या कडेलाही दिल्याने टेबलावर उभे ठेवून खेळताना वायर अडत नाही. जाडी पूर्वीइतकीच, १३.९ मिलिमीटर आहे. कंट्रोलरसह वजन मात्र सुमारे ५३४ ग्रॅम झाले आहे, जे पहिल्या स्विचचे सुमारे ३९८ होते. पलंगावर उताणे पडून खेळणाऱ्यांच्या मनगटांना हा फरक जाणवेल.

पडद्याविषयी घोषणेच्या वेळीच दोन तट पडले होते. २०२१ च्या आवृत्तीत ओलेड देऊन झाल्यावर नव्या यंत्रात पुन्हा एलसीडी का, हा प्रश्न रास्त होता. नवा पडदा मोठा आहे, अधिक बारकावे दाखवतो आणि सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत, म्हणजे १२० चित्रांपर्यंत, जातो. फ्रेमचा वेग कमी-जास्त झाला तर त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, अर्थात हे जुळवणे फक्त हातात धरून खेळताना. टीव्हीला जोडल्यावर ती सोय नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर आधी ती टीव्हीसाठीही असल्याचे सूचित झाले होते आणि नंतर ती माहिती दुरुस्त करण्यात आली. काळा रंग ओलेडवर जसा गडद दिसतो तसा इथे दिसत नाही, आणि वेगाने सरकणाऱ्या दृश्यात कडांना धूसरपणा येतो. उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक ठळक दाखवणाऱ्या एचडीआरचा उल्लेख जाहिरातीत मोठा असला तरी एलसीडीच्या मर्यादित उजेडात त्याचा परिणाम बेताचाच उतरतो. ओलेड स्विच वापरणाऱ्याला हा पडदा एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे वाटेल. साधा स्विच वापरणाऱ्याला मात्र तो निःसंशय पुढचा वाटेल.

बॅटरीवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. कंपनी २ ते ६.५ तास सांगते आणि जड गेम लावले की आकडा खालच्या टोकाकडे जातो. २०१९ मध्ये सुधारलेल्या स्विचची बॅटरी ४.५ ते ९ तास टिकत असे. चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय दिली आहे, ती बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगली आहे आणि ती आवश्यकही आहे, कारण बॅटरी आत डिंकाने घट्ट चिकटवलेली आहे. यंत्रे उघडून पाहणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने दुरुस्तीच्या सोयीसाठी स्विच २ ला १० पैकी ३ गुण दिले.

दुरुस्तीचा विषय निघाला की अंगठ्याने फिरवायच्या अ‍ॅनालॉग स्टिककडे यावेच लागते. पहिल्या जॉय-कॉनची स्टिक काही काळाने आपोआप सरकू लागे, हात न लावता पात्र चालू लागे, आणि या दोषावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावे दाखल केले. २०२० मध्ये फुरुकावा यांनी जॉय-कॉनमुळे झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागितली. दुधाने तोंड पोळलेल्या या ग्राहकाला नव्या कंट्रोलरमध्ये एकच गोष्ट हवी होती : लोहचुंबकाच्या क्षेत्रावर चालणारे, घर्षण नसलेले हॉल इफेक्ट सेन्सर. ते दिलेले नाहीत, असे निन्टेंडोच्या अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले, आणि यंत्र उघडून पाहिल्यावर आत जुन्याच तत्त्वावरची, घासून मोजणारी रचना निघाली. स्टिक आकाराने मोठी, मऊ आणि हाताला सुखद आहे, हे मान्य. पण ज्या भागाने कंपनीची सर्वाधिक नाचक्की केली, त्याच भागात जुने तंत्र ठेवायचे आणि त्या जोडीची किंमत मात्र ९४.९९ डॉलर लावायची, याचे समर्थन मला करता येत नाही. नवी स्टिक अधिक टिकाऊ असेलही, परंतु पहिल्या जॉय-कॉनचा दोषही पहिल्या आठवड्यात दिसला नव्हता. किमतीवरून जितका गदारोळ झाला त्याच्या निम्मा जरी या मुद्द्यावर झाला असता, तरी तो अधिक सार्थकी लागला असता.

यंत्राची ताकद हा गेमरांच्या प्रतिक्रियांतला सुखद भाग होता आणि तो प्रत्यक्षातही खरा ठरला. आतली चिप एनव्हिडियाची आहे आणि ती डीएलएसएस हे तंत्र वापरू शकते. म्हणजे चित्र कमी बारकाव्यांत काढायचे आणि यंत्र-शिक्षणाच्या मदतीने ते मोठे व रेखीव करायचे. डॉकमध्ये बसवल्यावर टीव्हीवर ४ के पर्यंत चित्र जाऊ शकते आणि यंत्र तापू नये म्हणून डॉकमध्येच पंखा दिला आहे. सायबरपंक २०७७ हा २०२० साली जुन्या प्लेस्टेशन ४ वर धापा टाकणारा गेम या हातातल्या यंत्रावर खेळण्याजोगा चालतो, याची कल्पना पहिल्या स्विचच्या काळात कोणी केली नसती.

पण माझ्या मते या ताकदीचा खरा लाभ नव्या गेमपेक्षा जुन्यांना झाला आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हे झेल्डा मालिकेतले दोन गेम जुन्या यंत्रावर सेकंदाला ३० फ्रेमने चालत आणि गर्दीच्या जागी अडखळत. नव्यावर ते ६० फ्रेमने चालतात. कोरोक वनासारख्या ठिकाणी, जिथे पूर्वी चित्र अक्षरशः चिखलातून चालल्यासारखे व्हायचे, तिथे आता झाडांच्या सावल्या आणि पानांची सळसळ न अडखळता समोरून जाते. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट हे तर तांत्रिक ढिसाळपणाबद्दल बदनाम झालेले गेम. मोफत अद्ययावतीकरणानंतर ते नव्या यंत्रावर वेगळेच वाटतात. ही गोष्ट घोषणेच्या दिवशी फारशी चर्चिली गेली नाही, आणि ज्यांच्याकडे जुन्या गेमचा साठा आहे त्यांच्यासाठी तीच खरेदीचे सर्वांत भक्कम कारण आहे.

इथेही बिल पुढे येतेच. काही गेमची सुधारणा मोफत आहे, झेल्डाच्या दोन्ही गेमसाठी प्रत्येकी ९.९९ डॉलर आहेत, आणि ऑनलाइन सदस्यत्वाचा वरचा पर्याय घेतला असेल तर तेच दोन्ही त्यात मिळतात. कर्बीच्या गेमसाठी नव्या भागासह १९.९९ डॉलर मोजावे लागतात. कशाला पैसे आणि कशाला नाहीत, याचे सूत्र ग्राहकाला सहज उमगत नाही. शिवाय ज्या जुन्या गेमना सुधारणा मिळालेली नाही, ते हातात धरून खेळताना मोठ्या पडद्यावर किंचित पुसट दिसतात, कारण ते मूळ ७२० पीच्या हिशेबाने बनलेले आहेत. हातात कडे धरून व्यायाम करायचा ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ खेळायचा तर जुने जॉय-कॉन जपून ठेवावेत. नवे त्या कड्यात बसत नाहीत आणि त्यांत इन्फ्रारेड कॅमेराही नाही.

नव्या गेमपैकी मारिओ कार्ट वर्ल्डवर सर्वाधिक बोलले गेले ते त्याच्या ७९.९९ डॉलरमुळे. त्याआधी दोनच वर्षे, २०२३ मध्ये, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ ६९.९९ डॉलरला आला तेव्हा तोही आकडा जड वाटला होता. आता तो जुना झाला. गेम देखणा आहे, २४ स्पर्धक एका वेळी धावतात, आणि दर टप्प्यावर मागचे चार बाद होत जाणारी नॉकआउट शर्यत ही या मालिकेत कित्येक वर्षांत आलेली सर्वांत चुरशीची गोष्ट आहे. खुले जग मात्र विरळ आहे. ट्रॅकना जोडणारे लांबलचक सरळ रस्ते शर्यतीचा बराच वेळ खातात आणि त्यांवर मूळ ट्रॅकची मजा नाही, ही खेळाडूंची कुरकुर मला पटते. एकत्र संचातून ५० डॉलरला पडला तर तो उत्तम सौदा आहे. सुटा ८० डॉलरला घेताना हात आखडतो. १७ जुलैला आलेला डाँकी काँग बनान्झा ६९.९९ डॉलरचा आहे आणि दगड, माती, भिंत असे दिसेल ते फोडत जायचा त्याचा खेळ यंत्राची ताकद मारिओ कार्टपेक्षा अधिक चांगली दाखवतो.

‘वेलकम टूर’ या ओळखवजा गेमसाठी ९.९९ डॉलर मागणे मात्र निव्वळ कद्रूपणा आहे. राक्षसी आकाराच्या कन्सोलवर चालत फिरायचे, प्रश्नमंजूषा सोडवायच्या आणि यंत्रात काय काय आहे ते शिकायचे, म्हणजे पैसे देऊन माहितीपुस्तिका वाचण्याचाच हा प्रकार झाला. प्लेस्टेशन ५ सोबत ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ मोफत येतो. खुद्द निन्टेंडोने २००६ मध्ये बहुतेक देशांत आपल्या वी या कन्सोलसोबत ‘वी स्पोर्ट्स’ फुकट दिला होता आणि त्या एका गेमने आजी-आजोबांच्या हातीही कंट्रोलर दिला. त्या शहाणपणाचा विसर कंपनीला कसा पडला, हे कोडे आहे. रक्कम छोटी असूनही या गेमवर एवढी टीका झाली, ती अगदी योग्य झाली.

कंट्रोलर आडवा करून टेबलावर माउससारखा सरकवण्याची सोय पाहून काहींनी डोळे विस्फारले, काहींनी हसण्यावारी नेले. ती नेमकी आणि चपळ चालते. अडचण तिच्या आकाराची आहे. कंट्रोलरची ती अरुंद कड तळव्याखाली बसत नाही, अंगठा आणि करंगळी अधांतरी राहतात, आणि दीर्घ वेळ खेळताना हात आखडतो. नेम धरण्याच्या किंवा डावपेचांच्या गेममध्ये थोडा थोडा वेळ वापरायला ती छान आहे. सी हे अक्षर असलेल्या नव्या कळीने सुरू होणाऱ्या गेमचॅटमध्ये एकावेळी १२ जणांना बोलता येते. आवाज स्पष्ट येतो, मागचा गोंगाट बऱ्यापैकी गाळला जातो. मित्रांच्या पडद्यांवरचे चित्र मात्र अडखळत येते, सादरीकरणातही ते तसेच दिसले होते. ही सोय ३१ मार्च २०२६ पर्यंत मोफत आणि पुढे सशुल्क सदस्यत्वात ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले. जी गोष्ट फोनवरची अ‍ॅप वर्षानुवर्षे फुकट देत आली आहेत, तिच्यासाठी सदस्यत्व घ्यायला किती लोक तयार होतील, याबद्दल मला शंका आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा मात्र गेम-की कार्डचा आहे. दुकानातून डबी आणायची, आतले कार्ड यंत्रात घालायचे आणि मग कळते की गेम त्या कार्डावर नाहीच. कार्ड ही फक्त किल्ली आहे आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आहे. डबीच्या दर्शनी भागावर खालच्या पट्टीत तशी सूचना असते, पण भेट म्हणून आणणाऱ्या आजोबांना किंवा मावशीला ती पट्टी कळेलच असे नाही. पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट लागते, आणि गेम यंत्रात उतरवून घेतल्यावरही खेळताना कार्ड आत घालूनच ठेवावे लागते. म्हणजे डाउनलोडची गैरसोय आणि कार्डची गैरसोय दोन्ही एकाच खरेदीत पदरी पडतात. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : हे कार्ड मित्राला देता येते, विकता येते, आणि पूर्वी डबीत नुसता संकेतांक लिहिलेला कागद मिळे त्यापेक्षा ते निश्चित बरे आहे. प्रकाशकांच्या बाजूने पाहिले तर मोठ्या क्षमतेचे कार्ड महाग पडते. पण सायबरपंक २०७७ सारखा अवाढव्य गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्णपणे दिला जाऊ शकतो आणि त्याहून कितीतरी लहान गेम किल्लीवर भागवले जातात, हे पाहिले की पाणी कुठे मुरते ते कळते.

गेम जपून ठेवणाऱ्यांचा संताप म्हणूनच मला किमतीवरच्या संतापापेक्षा अधिक खोल वाटतो. निन्टेंडोच्याच वी यू आणि ३डीएस या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांत मार्च २०२३ मध्ये नवी खरेदी बंद झाली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली गेली, पण ती किती काळ, हे ग्राहकाच्या हातात नाही. किल्लीचे कार्ड असलेल्या गेमचे भवितव्यही असेच कोणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून राहील. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयानेही अशी कार्डे संग्रहाच्या कक्षेत येत नाहीत अशी भूमिका घेतली, कारण कार्डात आशयच नाही. त्यात मे २०२५ मध्ये बदललेल्या वापरकर्ता-करारात, यंत्रात अनधिकृत फेरफार केल्यास ते अंशतः किंवा पूर्णतः निरुपयोगी करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. चोरीला आळा घालणे हा हेतू समजण्यासारखा आहे. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर आपला ताबा कितपत, हा प्रश्न त्यामुळे गेमरांच्या मनात अधिकच टोकदार झाला.

किल्लीच्या कार्डांमुळे साठवणीवरही ताण येतो. २५६ जीबी हा आकडा पूर्वीच्या आठपट असला तरी एकटा सायबरपंकच सुमारे ६० जीबी घेतो. जागा वाढवायची तर केवळ मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचे कार्ड चालते. जुन्या स्विचमधले कार्ड काढून यात घातले तर त्यातली छायाचित्रे आणि चित्रफिती तेवढ्या आत घेता येतात, गेम ठेवता येत नाहीत. वेगासाठी ही अट आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु ही कार्डे साध्या कार्डांपेक्षा बरीच महाग आहेत आणि खरेदीच्या हिशेबात तीही धरावी लागतात.

गेमरांच्या संतापाने कंपन्या नमतात, असा इतिहास आहे. मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलची घोषणा झाली तेव्हा वापरलेल्या गेमवरची बंधने आणि दर २४ तासांनी इंटरनेटशी संपर्काची सक्ती यांवरून असा गहजब झाला की मायक्रोसॉफ्टने महिन्याभरात ते नियम मागे घेतले. निन्टेंडोने या वेळी काहीच मागे घेतले नाही, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक स्विच २ विकले गेले, जो कंपनीच्या कोणत्याही यंत्राचा विक्रम आहे. सप्टेंबर २०२५ अखेर विक्री १ कोटी ३ लाख ६० हजारांवर पोहोचली. वी यूची संपूर्ण आयुष्यातली विक्री सुमारे १ कोटी ३६ लाख होती. त्या यंत्राच्या वेळी नव्या नावाने असा गोंधळ उडवला होता की तो जुन्या वीचा जोड-कंट्रोलर आहे की नवे यंत्र, हेच अनेकांना समजले नाही; या वेळी नावापुढे नुसता दोनचा आकडा लावून कंपनीने ती जोखीमच टाळली. काहींना हे नाव कंटाळवाणे वाटले. मला ते शहाणपणाचे वाटते.

म्हणून ‘थोडे थांबू, किंमत उतरेल’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की थांबण्याची कारणे दुसरी शोधावीत. ३डीएसची किंमत ऑगस्ट २०११ मध्ये २४९.९९ वरून १६९.९९ डॉलरवर आली होती खरी, पण ती विक्री आटल्यामुळे, आणि आधी घेतलेल्यांची समजूत घालायला कंपनीने त्यांना २० जुने गेम मोफत दिले होते. आज विक्री आटलेली नाही. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आठ वर्षांच्या जुन्या स्विचचीच किंमत २९९.९९ वरून ३३९.९९ डॉलर झाली. ज्यांच्याकडे ओलेड स्विच आहे आणि जे मुख्यतः हातात धरून, लहान लहान गेम खेळतात, त्यांनी ओलेड पडद्याची नवी आवृत्ती येते का, याची खुशाल वाट पाहावी. ज्यांचे झेल्डा आणि पोकेमॉन अर्धवट राहिले आहेत आणि जे टीव्हीसमोर चारचौघांत बसून खेळतात, त्यांनी मारिओ कार्टसह संच मिळाला तर तो घ्यावा, वेलकम टूर विसरावा, आणि कोणतीही डबी उचलण्याआधी तिच्या खालच्या पट्टीवर काय लिहिले आहे ते वाचावे.